आडवेळची घरं समुद्राला पाठ का दाखवतात

आडवेळला पाहुणा आला की बॅग खाली टेकायच्या आधी विचारतो, "काका, रूम सी-व्ह्यू आहे ना?" मी म्हणतो, आहे की. मग त्याला खोलीत नेतो, ऐटीत खिडकी उघडतो आणि फणस दाखवतो. फणसाच्या पलीकडे गोठा, गोठ्याच्या पलीकडे डोंगर. कोल्हापूरची मंडळी हसतात, बेळगावची गप्प बसतात. पुण्याची मंडळी मोबाइलवरचा आमच्या जाहिरातीतला समुद्राचा फोटो माझ्या नाकाजवळ आणतात.

समुद्र आहे हो. भिंतीच्या मागेच आहे, रात्रभर तुमच्या उशाशी गाजणार आहे. फक्त दिसणार नाही. किनाऱ्याने इतकी घरं आहेत, आता घराघरात पाहुण्यांच्या खोल्या झाल्यात, पण एकाही घराला समुद्राच्या अंगाने दार नाही, खिडकी नाही, झरोकासुद्धा नाही. रुसलेल्या माणसांसारखी सगळी पाठ फिरवून बसलीत. बाकी कशाची ददात नाही. पांढरी वाळू आहे, डॉल्फिन दाखवणारी होडी आहे (डॉल्फिन दिसले नाहीत तर होडीवाला स्वतः उड्या मारतो), पॅराशूटला लटकवून पाण्यावर उडवणारी पोरं आहेत, केवड्याच्या बनात झोपाळे आहेत. पण हे सारं बघायला घराला वळसा घालून जायचं.

गावाच्या टोकाला बाहेरच्या एका माणसाने मात्र नखशिखांत काचेचं हॉटेल बांधलंय. त्याचं भाडं आमच्या तिप्पट आणि तरी रविवारी तिथे खोली मिळत नाही, याचा मला अजिबात राग नाही. एवढंच सांगतो, तिथली जोडपी मी येता-जाता बघतो. दोघंही काचेकडे तोंड करून बसलेली असतात. तासन् तास. एकमेकांचं नाक कुठल्या बाजूला आहे, हे घरी जाईपर्यंत विसरत असतील.

आमच्या भिंतींचं कारण आवडी. ती भिवा तांडेलाची बायको. फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, माझ्या आज्यालाही ती त्याच्या आज्याने सांगितली, आणि आमच्यात कोणी खोटं बोलत नाही, फार तर थोडं वाढवून सांगतो.

तेव्हा घरांची तोंडं समुद्राकडेच होती, असं सांगतात. भिवा होता तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, सुकाणू त्याच्या हातात. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. भरतीचं पाणी चढल्याशिवाय होडी त्यावरून बाहेर निघत नाही, आणि परत येतानाही पुढच्या भरतीची वाट बघावी लागते. त्यामुळे भिवाचं उठणं, निजणं, जेवणं सगळं भरतीच्या हातात. बाकीचे लोक दर्या म्हणायचे. दर्या बाप झाला, त्याच्यावर कुठली बाई जळणार? पण भिवाच्या तोंडात दर्या नसायचाच. तो म्हणायचा, भरती इली. भरती आज रुसलीहा. भरती आज कशी नटान इली बघ. ताटावर बसलेला माणूस उष्टा हात तसाच घेऊन ओटीवर धावायचा, आणि आत आवडी भाताचं भांडं धरून उभी.

आवडी दिसायला चांगली होती म्हणे, आणि हाताला चव होती. पण भिवा बसायचा तो समुद्राकडे तोंड करून. घरात कोण वावरतंय याचा त्याला पत्ता नसायचा. शेजारच्या सगुणाने एकदा पैज मारली. ती आवडीचं लुगडं नेसली, आवडीसारखी कमरेवर हात ठेवून आली आणि भिवाला जेवण वाढलं. सगुणा आवडीपेक्षा हातभर उंच. भिवा दाराबाहेर बघत चार घास जेवला आणि म्हणाला, "आवडी, कढी घाल गो."

सगुणा पदर तोंडात कोंबून हसत पळाली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. विहिरीवर बायका विचारायला लागल्या, "आवडे, सवत काय म्हणता गो तुझी? भरती की ओहोटी?" आवडीही त्यांच्याबरोबर हसली. कळशी भरून घरी आली, कळशी खाली ठेवली, आणि मग भिंतीकडे तोंड करून रडली. बाईला सवतीला शिव्या देता येतात, तिच्या झिंज्या धरता येतात. हिच्या सवतीला झिंज्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गुरव जेवून आडवा झालाय हे बघून, ती माउलीच्या देवळात शिरली. आमच्याकडे देवीपुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे आपलं मागणं मोठ्याने सांगतात. एक जाणता सांगतो आणि बाकीचे दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. तिथे दुसरं कोण होतं? तिने गाऱ्हाणंही स्वतःच घातलं आणि "व्हय म्हाराजा"ही स्वतःच म्हटलं.

"आई माउली, ती ह्यांच्या डोळ्यांपुढे परत येव नको. व्हय म्हाराजा! ह्यांनी बघूचा तर माझ्याकडे बघूचा. व्हय म्हाराजा! इतक्या केलंस, तर त्या सवतीची ओटी मी माझ्या हातान रोज भरीन. व्हय म्हाराजा!"

नवस बोलताना माणसाने जरा थांबावं. तिच्याशी भांडायला कोणी नसल्यामुळे ती थांबली नाही. देवीच्या अंगावर चिकटवलेल्या फुलाच्या कळ्यांतली उजवी कळी टपकन खाली पडली. उजवी पडली म्हणजे देवी हो म्हणाली.

सकाळी भिवा तांडेल होडीकडे निघाला आणि वाळूत थबकला. त्याला माड दिसत होते, होडी दिसत होती, पळणारे खेकडे दिसत होते. पण वाळू संपली की पुढे काही नाही. नुसतं पांढरं, चुना मारलेल्या भिंतीसारखं. कानाला गाज ऐकू येत होती, पायाला पाणी लागत होतं, डोळ्याला काही नाही. वैद्याने डोळ्यांत मध घातला. मध डोळ्यांत घालून तांडेल डोंगरावरची वासरं मोजायचा, फक्त समुद्र तेवढा दिसत नव्हता. शेवटी होडी ओढून मांगरात, म्हणजे झावळ्यांच्या छपराखाली, पालथी घातली आणि तो घरी बसला.

आवडीला स्वर्ग मिळाला. भिवाला बघायला आता घरात तीच होती. एका सकाळी तो म्हणाला, "आवडी, ही खूण कसली गो तुझ्या भुवयेर?"

"लहानपणाची. विळी लागलेली."

"माका कधी दिसूक नाय ती."

"तुमका घरात काय दिसलाहा?" असं ती फणकाऱ्याने म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिने तीन वेळा तेल लावून केस विंचरले, असं सगुणा सांगायची. सगुणाचं घर शेजारीच, आणि तिच्या घराला त्या बाजूला खिडकी होती.

नवस मात्र फेडायला हवा होता. आवडी रोज भरतीच्या वेळेला एक फूल आणि चिमूटभर तांदूळ घेऊन किनाऱ्यावर जायची, तोंड वेंगाडून पाण्यात टाकायची आणि पाठ फिरवायची. ती परत आली की भिवा खाली मान घालून हळूच विचारायचा, "आज कशी दिसता गो?"

घ्या. डोळ्यांपुढून गेली, पण मनातून गेलीच नव्हती. आवडीच्या अंगाचा नुसता भडका उडाला. ती म्हणाली, "काळी आसा. वेडीपिशी झाल्यासारखी दात काढता."

भिवा विचार करून म्हणाला, "आज तर जमिनीवरचो वारो. ह्या वाऱ्यात ती पिशी कशी होतली? निवांत निजान आसतली."

समुद्र न दिसणाऱ्या माणसाने वाऱ्यावरून तिचं खोटं पकडलं. तिने पुन्हा थाप मारली, त्याने पुन्हा पकडली. आता खोटंच सांगायचं तर नीट सांगावं, यासाठी आवडीला सवतीकडे डोळे उघडून बघणं भाग पडलं. रंग कसा, फेस कुठवर, पाणी खडकाला कुठे लागतंय, सगळं बघून मग त्यात वाईट काढायचं. आधी ती उभ्याने बघायची. मग खडकावर टेकायला लागली. एक दिवस तिने पाय पाण्यात सोडले.

आणि त्यानंतर तिला वाईट काही सुचेना. घरी यायला तिला उशीर व्हायला लागला. लुगड्याचा काठ भिजलेला, गालावर मीठ, ओठांत गाणं. भिवाने विचारलं, "आज कशी दिसता?" तर ही म्हणाली, "काय नाय. तशीच." आणि स्वतःशीच हसली.

तांडेल सरसावून बसला. माझी बायको हसते, आणि का ते मला सांगत नाही! दुसऱ्या दिवशी तो दारात तिची वाट बघत बसला. तिसऱ्या दिवशी वाट बघून उठला, केवड्यापर्यंत गेला आणि परत आला. भात गार झाला. कुंपणापलीकडून सगुणाने डाव साधला, "तांडेलानू, आता सवत कोणाक म्हणूचा? तुमच्या आवडीक की तुमच्या भरतीक?" त्याने तिला करवंटी फेकून मारली. नेम चुकला. हा माणूस वादळात सुकाणू सोडत नसे, आणि आता त्याला करवंटीसुद्धा नीट फेकता येईना.

एक दिवस आवडी घराकडे वळली, तर घराच्या समुद्राच्या अंगाला तांडेल. उघडाबोडका, दाढीला चिखल, घामाने निथळतोय आणि जांभ्याचे चिरे रचून खिडकी बुजवतोय. दार आधीच बुजवून झालं होतं. त्याने आयुष्यात कधी गवंडीकाम केलं नव्हतं. एक चिरा पुढे, एक मागे, एक तिरका, मधून चिखल ओघळतोय.

"ह्या काय करतास तुमी?"

"वारो लागता घरात."

"वारो? इतकी वर्षां लागूक नाय तो?"

तांडेलाने आणखी एक चिरा दाणकन आपटला, तो निम्मा बाहेरच राहिला.

आवडी म्हणाली, "तुमका ती दिसणा नाय. मगे भिंत कोणासाठी?"

तेव्हा तांडेल ओरडला, सगुणाने ऐकलं आणि तेव्हापासून गावाला पाठ आहे: "माका दिसणा नाय, पण तुका दिसता ना! घरात बसान पण तू तिकाच बघतलंस! मी काय करू?"

आवडी तिथेच वाळूत बसली. किती जळत होता तो! लग्न झाल्यापासून ती एकटी जळत होती, आणि आज समोर हा बाप्या तिच्यासाठी करपून कोळसा झाला होता. ती हसली म्हणे, मग रडली म्हणे, मग उठली, पदर खोचला आणि खालचा चिरा उचलून त्याच्या हातात दिला. उरलेली खिडकी दोघांनी मिळून बुजवली.

मग ती देवळात गेली. "आई, मी घातलेला गाऱ्हाणा मीच परत घेतंय." व्हय म्हाराजाही तिनेच म्हटलं. देवीने तांडेलाला समुद्र परत कधी दाखवला, यावर गावात एकमत नाही. पुरुष म्हणतात, पुढच्या हंगामाला. बायका म्हणतात, दुसऱ्याच सकाळी दिसायला लागला होता, पण त्याने सांगितलं नाही. आवडीने भरतीचं वर्णन करावं आणि आपण आवडीकडे बघत ऐकावं, याची त्याला चटक लागली होती. एक दिवस मांगरातली होडी जागेवर नव्हती, तेव्हा सगळ्यांना कळलं.

आता तुम्ही विचाराल, भिंत एका घराची, मग सगळ्या गावाने खिडक्या का बुजवल्या? अहो, गावात बायका नव्हत्या काय! आवडीच्या नवऱ्याने आवडीसाठी खिडकी बुजवली, आणि माझ्या नवऱ्याला माझं काहीच नाही? पहिली पेटली ती सगुणा. तिचा नवरा म्हणाला, मला सगळं नीट दिसतं, मी कशाला बुजवू? तिने चूल पेटवली नाही. तो संध्याकाळी चिरे घेऊन आला. मग तिच्या पलीकडची, मग तिच्याही पलीकडची. पावसाळ्याआधी आडवेळच्या सगळ्या किनाऱ्याने समुद्राला पाठ केली होती.

आजही आमच्याकडे लग्न झालं की नवरी पाण्याच्या काठावर समुद्राकडे तोंड करून उभी राहते, आणि नवरा घराच्या मागच्या भिंतीत स्वतःच्या हाताने एक चिरा बसवतो. तिला वाटेल तेव्हा ती वळते, नवऱ्याने हाक मारायची नाही. गाव चिरा बघतो. ओळंब्यात, सरळ बसला तर म्हाताऱ्या हळहळतात, बिचारीच्या नशिबी थंड माणूस आला. वाकडा बसला तर पेढे वाटतात. शेजारच्या बाबलूच्या होमस्टेमधला चिरा सुतासारखा सरळ आहे, म्हणून त्याची बायको पाहुण्यांना त्या भिंतीकडे कधी नेत नाही, आणि आमच्या भिंतीकडे बघून तोंड वाकडं करते.

आमचा चिरा न्हाणीघराच्या बाजूला आहे. वीतभर बाहेर आलाय, येणाऱ्याजाणाऱ्याचा खांदा आपटतो. गेल्या वर्षी नवा गवंडी आला होता. म्हणाला, वहिनी, एवढा एक काढून नीट बसवून देतो. आमच्या हिने त्याला चहासुद्धा विचारला नाही.