दोनशेची जागा

घाटातली शर्यत आठवड्यावर आली, तसे धैर्यशीलराव आपली स्पोर्ट्स कार घेऊन कोल्हापूरच्या दस्तगीर मिस्त्रींकडे आले.

"मागच्या चाकांना असे गिअर घाला, की गाडी ताशी दोनशेनं पळाली पाहिजे. हरलो तर दोष तुमचा!"

तसले गिअर घातले तर चढाला गाडी उचलच खाणार नाही, हे मिस्त्री जाणून होते. पण रावांना नकार ऐकायची सवय नव्हती.

"घालतो सरकार. फक्त दोनशे कुठं गाठणार, ती जागा दाखवा."

दोघं घाट चढले. वळणामागून वळण आलं, राव सरळ रस्ता शोधत राहिले. माथ्यावर सपाटी दिसताच ते ओरडले, "इथं!"

"शर्यत मागच्या वळणालाच संपते, सरकार. इथं बक्षिसाचा मांडव असतो. मांडवात चालत जायचं असतं."