म्हाळूनं उघड्यावर ठेवलेलं स्थळ

कोंढारवाडी नावाच्या गावात म्हाळसाकांत नावाचा एक भोळा गडी होता. एवढं लांब नाव हाकेला परवडत नाही, म्हणून लोक त्याला म्हाळू म्हणत. सांगितलेलं काम तो करायचाच. जसं सांगितलं तसंच करायचा. त्याचा सगळा घोटाळा तिथंच होता.

गावातल्या हौसाअक्कांचं वधू-वर सूचक केंद्र होतं. बाजारपेठेत, रस्त्याला लागून एक खोली, एक कॉम्प्युटर आणि पंचक्रोशीतली सगळी लग्नाळू पोरं-पोरी त्या कॉम्प्युटरच्या पोटात. तो चालवायला अक्कांनी म्हाळूला ठेवला. दोन बोटांनी टाइप करायचा, पण नीट करायचा. सगळं बरं चाललं होतं.

मग अक्कांचा भाचा निनाद पुण्याहून सुटीला आला.

निनादला कॉम्प्युटरचं वेड. कीबोर्ड सोडून माऊसला हात लावणारा माणूस दिसला की तो असा बघायचा, जसं कुणी पंगतीत डाव्या हातानं जेवतंय. त्याच्याकडं नाना तऱ्हेची हत्यारं होती, म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम. टाइप वाचवणारी, पडद्यावरच्या खिडक्या आवरणारी, नावं बदलणारी. सगळी फुकट. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेली. वेळ वाचवण्यासाठी तो सकाळपासून दुपारपर्यंत बसायचा, आणि वाचलेल्या वेळात आणखी एक हत्यार उतरवून घ्यायचा.

म्हाळूला टाइप करताना बघून तो कळवळला.

"म्हाळूदादा, तेच ते वाक्य किती वेळा लिहिशील? एकदाच लिहून ठेव. त्याला छोटी खूण द्यायची. खूण दाबली की सगळं वाक्य आपोआप उमटतं. मग त्याला हात लावायचा नाही."

त्यानं 'स्थ' ही खूण ठेवली. 'स्थ' लिहिलं की उमटायचं, 'आपलं स्थळ आम्हाला पसंत आहे. पुढच्या बोलणीसाठी सहकुटुंब यावं.'

म्हाळू म्हणाला, "बरं." त्याच्या डोक्यात एकदा शिरलेली गोष्ट सहसा बाहेर येत नसे.

त्याच आठवड्यात अक्कांच्या ओळखीतले गणपतराव वारले. अक्कांनी सांगितलं, "म्हाळू, सगळ्यांना कळव. दहाव्याचं स्थळ, नदीकाठचा घाट."

म्हाळू लिहायला बसला. 'गणपतरावांच्या दहाव्याचं' इथवर ठीक गेलं. पुढं त्यानं 'स्थ' दाबलं, आणि मशीननं बाकीचं लिहून टाकलं. हात लावायचा नाही असं सांगितलेलं होतं. त्यानं नाही लावला. गावभर निरोप गेला, 'गणपतरावांच्या दहाव्याचं आपलं स्थळ आम्हाला पसंत आहे. पुढच्या बोलणीसाठी सहकुटुंब यावं.'

दहावा घाटावरच असतो. लोक सहकुटुंब आले. एकानं पेढे आणले होते.

अक्का घाटावर कुणाला तोंड दाखवू शकल्या नाहीत. घरी येऊन म्हणाल्या, "अरे, महत्त्वाचं काय आहे याचं तुला भान नको?"

"भानाला पण हत्यार आहे," निनाद म्हणाला. "म्हाळूदादा, महत्त्वाची खिडकी असते ना, तिला वर टाचून ठेवायचं. मग दुसरं काहीही उघडलं तरी ती सगळ्यांच्या वरच राहते."

म्हाळू म्हणाला, "बरं." आणि अक्कांना विचारून आला, "अक्का, सध्या सगळ्यात महत्त्वाचं काय?"

"जगतापमामांचं जमवायचंय बाबा. त्यांना कुणी होच म्हणत नाही."

जगतापमामा म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार. पल्लेदार मिशा, छातीवर पदक. म्हाळूनं त्यांचा फोटो उघडला आणि सगळ्यांच्या वर टाचला.

दुसऱ्या दिवशी सांगवीहून एक कुटुंब मुलासाठी मुली बघायला आलं. म्हाळूनं पहिल्या मुलीचा फोटो उघडला. पडद्यावर जगतापमामा. दुसरीचा उघडला. जगतापमामा.

मुलाचे वडील चष्मा पुसत म्हणाले, "मुलगी जरा थोराड वाटते."

"आधीच्या मुलीची बहीण का ही?" आईनं विचारलं. "तोंडावळा तोच आहे."

"नाही हो, ही निराळी," म्हाळू म्हणाला. "ही खाली आहे. महत्त्वाचं वर आहे."

ते कुटुंब चहासुद्धा न घेता गेलं. मुलानं दारातून दोनदा मागं वळून बघितलं.

अक्का कपाळाला हात लावून बसल्या. "फोटोंना धड नावं तरी दे रे. कोण कुठली ते कळायला नको?"

निनादनं बाह्या सरसावल्या. "एकेका फोटोचं नाव बदलत बसू नकोस. सगळे निवडायचे. एक चौकट येईल, ती नाव विचारेल. लिहायचं. सगळी नावं एका दमात होतात."

म्हाळू म्हणाला, "बरं."

त्यानं सगळे निवडले. चौकट आली. चौकटीनं विचारलं, 'नाव?'

सरळ विचारलं होतं. म्हाळूनं सरळ उत्तर दिलं.

संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीतल्या सगळ्या लग्नाळू पोरी म्हाळसाकांत झाल्या. पोरंही म्हाळसाकांत झाली. जगतापमामाही म्हाळसाकांत. अक्कांनी एका बाईला फोनवर मोठ्या उत्साहानं सांगितलं, "तुमच्या म्हाळसाकांतला साजेसा म्हाळसाकांत आहे बघा आमच्याकडं," आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

निनादनं सगळं पूर्वपदावर आणलं. त्यात त्याची सुटी संपत आली. जाताना त्यानं म्हाळूला जवळ बसवलं. आता तो हत्याराबद्दल बोललाच नाही. तत्त्व सांगितलं.

"म्हाळूदादा, तू एकटाच करतोस ना, म्हणून चुकतं. ही सगळी हत्यारं एवढी चांगली का झाली, माहीत आहे? ज्यानं केलं त्यानं ते लपवून ठेवलं नाही. उघड्यावर ठेवलं. येईल त्यानं बघावं, चूक दिसली तर सुधारावी. आणि सुधारून झालं की सगळ्यांना वाटून टाकायचं. झाकलेल्यात चूक राहते, उघड्यावर राहत नाही."

म्हाळूला हे फार पटलं. इतकं की तो 'बरं' म्हणायचंसुद्धा विसरला.

इकडं अक्कांच्या स्वतःच्या लेकीचं, शरयूचं, जमत आलं होतं. गावोगावच्या पोरी उजवल्या, पण घरची राहिली, असं लोक तोंडावर बोलायचे. अक्कांना ते लागायचं. शेवटी कासारखेड्याच्या दाजीरावांचं स्थळ आलं. मुलगा प्रताप. सगळं छान. शरयूला कुणी विचारलं नव्हतं, पण ती नाही म्हणाली नव्हती.

"रविवारी संध्याकाळी मंडळी येतील," अक्का म्हणाल्या. "म्हाळू, दोघांच्या माहितीत एक चूक राहता कामा नये."

रविवार म्हणजे आठवडी बाजार. म्हाळूनं सकाळीच केंद्राचं दार सताड उघडलं. टेबल ओढून उंबऱ्यापाशी आणलं, कॉम्प्युटरचं तोंड रस्त्याकडं केलं, शेजारी स्टूल ठेवलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, "चूक दिसली तर सुधारा."

अक्का घरी पुरणपोळ्या लाटत होत्या. बाजारातली माणसं थांबत होती, वाचत होती, आणि सुधारत होती. दुपारी तर रांग लागली. म्हाळूनं इतकं समाधान आयुष्यात अनुभवलं नव्हतं. ऊन उतरल्यावर त्यानं टेबल आत घेतलं, आणि सुधारलेलं सगळं वाटून टाकलं.

संध्याकाळी दाजीराव आले. सोबत बायको आणि प्रताप. आधी केंद्रात बसवून मुलीची माहिती दाखवायची, मग घरी जेवायला न्यायचं, असं अक्कांनी ठरवलं होतं. दाजीराव पडद्यासमोर बसले आणि खड्या आवाजात वाचू लागले.

"उंची, पाच फूट चार इंच. चपलेसकट." ते थांबले. पुन्हा वाचू लागले. "शिक्षण, बी.कॉम. एक विषय राहिलाय, मीच शिकवत होतो. स्वयंपाक, निपुण. चहा करते. स्वभाव, मनमिळाऊ. भिंतीला भिंत लागून घर आहे, दोन वर्षं माझ्याशी बोललेली नाही. आई, सुस्वभावी..."

इथं दाजीरावांना पडद्यावरचं पान पुढं सरकवावं लागलं. आईच्या स्वभावावर दुरुस्त्या पानभर होत्या.

अक्कांचा चेहरा पुरणासारखा घट्ट झाला. "म्हाळू, हे कुणी लिहिलं?"

"सगळ्यांनी," म्हाळू अभिमानानं म्हणाला. "आता चूक राहिली नाही, अक्का."

दाजीराव उठले. "अशा घरात आम्ही सोयरीक करणार नाही. चला."

"काका, थांबा की," म्हाळू म्हणाला. "प्रतापरावांचं राहिलं. तेही उघड्यावरच होतं. तुमच्या कासारखेड्याची बरीच माणसं बाजाराला आली होती. आमच्या गावापेक्षा तुमच्याच गावानं जास्त मनावर घेतलं."

दाजीराव उभ्या जागी थिजले. प्रताप आपल्या बुटांकडं बघू लागला.

मागच्या दारातून शरयू चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिनं ट्रे शांतपणे टेबलावर ठेवला आणि स्टूल पुढं ओढलं.

"वाच म्हाळूदादा," ती म्हणाली. "माझं सगळ्यांनी ऐकलं. आता मीही ऐकते."

म्हाळूनं घसा खाकरला. "नोकरी, स्वतःचा व्यवसाय. दुकान भावाचं आहे, हा गल्ल्यावर बसतो, ते पण भाऊ बाहेर गेला तर. निर्व्यसनी..."

पुढचं वाचायच्या आत दाजीरावांनी झेप घेतली आणि भिंतीतली वायर उपटली. पडदा काळा झाला. प्रतापच्या आईनं पदरानं तोंड पुसलं.

म्हाळूला त्यांची दया आली. एवढे मोठे गृहस्थ, कॉम्प्युटरला घाबरतात.

तेवढ्यात दाजीरावांच्या खिशातला फोन टुणकन वाजला. मग प्रतापचा. मग त्याच्या आईच्या पिशवीतला. मग बाहेर, उठू लागलेल्या बाजारात, एकामागून एक.

"रेंज आली वाटतं," म्हाळू म्हणाला. "बसा काका, आरामात वाचा. पंचक्रोशीत सगळ्यांना पाठवलंय मी."