दुय्यमाच्या घरची हळद

श्रोतेहो, शेजाऱ्याच्या अंगणातला सुगंध कधी तुमच्या नाकाला झोंबला आहे काय? झोंबला असेल, तर ही कथा सावध होऊन ऐका.

पुष्कळ काळ लोटला. एका राज्यात तळ्याच्या काठी एक विशाल नगर होते. त्याचा कारभार एक नगरपती पाहत असे. त्याच्या हाताखाली एक अधिकारी होता. तो बुद्धिमान होता, कष्टाळूही होता; परंतु नगरपतीची निवड झाली तेव्हा तो मागे पडला होता. तेव्हापासून लोक त्याला 'दुय्यम' म्हणू लागले, आणि त्याचे खरे नाव विसरले गेले. "रामराम, दुय्यम!" असे कुणी प्रेमाने म्हटले, तरी त्याच्या काळजात काटा रुते.

तळ्याचे पाणी झाकलेल्या कालव्यातून चौकाचौकांतील हौदांत येत असे. त्या वर्षी पाऊस रुसला. तळे आटू लागले. नगरपतीने दवंडी पिटविली, "कालव्याचे पाणी केवळ पिण्यासाठी. ते कुणीही आपल्या घरात वळवू नये."

भर वैशाखात दुय्यम नगरपतीच्या घरावरून चालला होता. भिंतीपलीकडून मोगऱ्याचा घमघमाट आला. त्याने टाचा उंचावून आत डोकावले. झाड पांढरेशुभ्र फुलले होते. दुय्यमाला आनंद झाला. परंतु तो फुलांचा नव्हता.

तो धावतच घरी आला. पत्नी अंगणातील कारंज्यापाशी बसली होती.

"चोर सापडला! नगर तहानेने तडफडतं आहे आणि याचा मोगरा फुलतो आहे. कालव्याला चोरवाट पाडल्याशिवाय का हे होतं?"

"अहो, हळू बोला. आपल्या कारंज्याला पाणी कुठून येतं?"

"कालव्याचा तो फाटा म्हणजे मान आहे. कालवा बांधणाऱ्यांनी नारळ-शेल्याबरोबर आपण होऊन दिला. मी मागितला नव्हता."

"त्यांचं काम मंजूर कुणी केलं होतं?"

"मीच! म्हणून तर मान."

"मग त्यांनी नगरपतींनाही मान दिला असेल."

"त्याने घेतली तर ती लाच!"

पत्नीने कपाळावर हात मारला. असल्या न्यायापुढे कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी धर्मसभा भरली. त्या नगरात एक जुना दंडक होता. आरोप करणाऱ्याने अपराधाची शिक्षा आधीच सांगायची, तीही देवापुढच्या समईवर हात ठेवून. उगाच कुणी कुणावर चिखल उडवू नये, हा त्यातील हेतू.

दुय्यमाने नगरपतीवर पाणीचोरीचा आरोप केला आणि समईवर हात ठेवला. वृद्ध धर्माधिकारी म्हणाले, "जपून बोल. इथे उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही."

"जपून? पाणी चोरणाऱ्यासाठी?" दुय्यम गरजला. "पाणी चोरणाऱ्याने पद सोडावे. घर नगराला द्यावे. देहात प्राण आहे तोवर कावडीने पाणी वाहून तहानलेल्यांना पाजावे!"

नगरपतीच्या खांद्यावरची कावड त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्याला फार गोड वाटले.

नगरपती एवढेच म्हणाला, "माझ्या अंगणाचे दार उघडे आहे."

परीक्षाही दुय्यमानेच सुचविली. "कालव्याच्या मुखाशी हळद कालवा. जिथे चोरवाट असेल, तिथे पिवळे पाणी निघेल."

लोक शोधतील ते आरोपीच्या अंगणात; आपल्या दाराशी कोण फिरकणार? तरीही त्याने घरी निरोप धाडला, "कडी लावून घे."

हळद कालवली गेली. सारे नगर मोगऱ्याभोवती जमले. मुळांशी खणले, तर माती काळीच निघाली. इतक्यात न्हाणीच्या मोरीतून फेसाळ पाणी खळखळत आले आणि आळ्यात शिरले. पाठोपाठ नगरपतीची वृद्ध आई केस पुशीत बाहेर आली.

"काय रे बाबांनो, म्हातारीच्या अंघोळीला एवढी गर्दी? आडाच्या बादलीभर पाण्याने न्हाते मी; त्या सांडपाण्यावर पोसलाय हा मोगरा. त्यालाही आता चोरी म्हणता का?"

लोक हसले. दुय्यमाचा चेहरा उतरला. तोच रस्त्यावरून एक स्त्री ओरडली, "अहो, दुय्यमांच्या उंबऱ्याखालून पिवळं पाणी वाहतंय!"

गर्दी तिकडे लोटली. कडी लावलेली होती. पण पाण्याला दाराची ओळख नसते. दार ठोठावल्यावर पत्नीने उघडले. कारंज्यात चिंध्या कोंबता कोंबता तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते, पदरही पिवळा झाला होता.

गर्दीतील एक टवाळ म्हणाला, "काय हो दुय्यम, घरी हळद लागली आणि आम्हाला साधी अक्षत नाही?"

हशा उसळला आणि लगेच विरला. हौदापाशी रिकाम्या घागरी घेऊन ताटकळलेल्या बायका तिथे उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या.

"हा... हा तर मान आहे," दुय्यम पुटपुटला.

धर्माधिकारी म्हणाले, "समईवर हात ठेवून तू 'मान' म्हणाला नाहीस. 'पाणी चोरणारा' म्हणालास."

नगरपतीने हात जोडले. "महाराज, शिक्षा थोडी सौम्य करावी."

"ती मी सांगितलेली नाही. सौम्य करणारा मी कोण? ज्याने उच्चारली त्याने ती भोगावी. देव साक्षीला आहे."

दुय्यमाचे पद गेले. घराची धर्मशाळा झाली. कारंजे बुजविले गेले. पुढे पाऊस आला, तळे भरले. परंतु त्याच्या खांद्यावरची कावड उतरली नाही. लोकांनी त्याला दुय्यम म्हणणेही सोडले. ते नुसते "ए पाणी!" अशी हाक मारीत. तळ्याची वाट नगरपतीच्या भिंतीला लागून जात होती. दर वैशाखात मोगरा फुले, आणि भरली कावड सावरीत तो तिथून मान खाली घालून जाई. त्याच वाटेवर एके दिवशी त्याचा प्राण गेला.

आपण घेतला तो मान आणि दुसऱ्याने घेतली ती लाच, असे मानणारा मत्सरी मनुष्य अखेर स्वतःच्याच शब्दाने बांधला जातो.