पहिल्या वाटीची कहाणी

ऐका शीतळाबाई, तुमची कहाणी. नगर होतं आटपाट, तिथं एक घर होतं. घरात सासू होती, दोन सुना होत्या. थोरली चंद्रभागा, धाकटी मैना. श्रावणातली सप्तमी आली. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, गार खायचं. मैनेनं माहेराहून या दिवसाचा वसा आणला होता. तो सांगायला गेली, तर थोरली म्हणाली, "तुझ्या माहेरचं कौतुक मला नको."

मग मैनेनं काय केलं? परसातली ब्रोकोली आणली. कहाणीत ब्रोकोली कुठली म्हणून नाक मुरडू नका बायांनो, देवीला हिरवं चालतं. तुरे बारीक खुडले, मीठ-लिंबू चोळलं, चक्क्यात साय फेटून घातली, मध घातला, मनुका घातल्या, डाळिंबाचे दाणे घातले, प्रहरभर झाकून ठेवलं. पहिली वाटी थोरलीपुढं ठेवली. मग सासूनं खाल्लं, बोटं चाटली, म्हणाली, "असा हात या घरात नव्हता." थोरलीच्या पोटात दुखलं. इतकी वर्षं कुणाच्या हातचं खात होत्या? तिनं आपली वाटी गाईला घातली.

दुसरं वर्ष आलं. पुन्हा पहिली वाटी थोरलीपुढं आली. "मला खिजवायला देते," म्हणाली, नेऊन उकिरड्यावर उपडी केली.

तिसरं वर्ष आलं. सासू म्हणाली, "आता माझ्यानं होत नाही. उद्या सात सवाष्णी येतील. जिची कोशिंबीर त्यांना रुचेल, कोठीची किल्ली तिची." थोरलीचं धाबं दणाणलं. किल्ली गेली की थोरलेपण गेलं. सप्तमी उजाडली. दाराच्या फटीतून तिनं पाहिलं, मैनेनं घेतलं ते सगळं घेतलं. पण प्रहरभर धीर कुठला? परसात तीन विटा मांडल्या, चोरून विस्तव केला, तुरे उकडले, ऊन ऊनच चक्क्यात घातले. चक्का फाटला, पाणी सुटलं, तुरे मलूल झाले. सवाष्णी पाटावर बसल्या. सासूनं पातेल्याला हात लावला. "थोरले, आजच्या दिवशी हे कोमट कसं गं?" थोरलीनं मान खाली घातली.

तेवढ्यात मैना आली, आपली पहिली वाटी थोरलीपुढं धरली. थोरली कडाडली, "दरवर्षी मलाच का गं? जिंकलीस, आता वाकुल्या दाखवतेस?"

मैनेचे डोळे भरले. "जाऊबाई, वसाच तसा आहे. तुम्ही ऐकला नाहीत. जिचा हेवा वाटतो, पहिली वाटी तिला द्यायची."

"माझा हेवा? तुला?"

"सासूबाई माझ्या हातचं मिटक्या मारत खातात. पण ताप चढला की हाक तुम्हाला मारतात. रात्रंदिवस उशाशी मी बसते, नि त्या म्हणतात, चंद्रभागेला बोलवा."

थोरलीनं वाटी हातात घेतली. एक घास घेतला. गार लागला, गोड लागला. मग तिनं मैनेच्या पातेल्यातली दुसरी वाटी भरली. सवाष्णींना ओलांडून गेली, सासूला ओलांडून गेली, मैनेपुढं ठेवली. "घे. तीन वर्षांची राहिली होती माझी."

"अगं, मला कधी?" सासू म्हणाली. कमरेची किल्ली सोडली, दोघींच्या मध्ये ठेवली.

देवी दोघींना जशी निववती झाली, तशी तुम्हांआम्हांला निववो. आजची पहिली वाटी कुणाची, ते जिचं तिला ठाऊक, शेजारणीकडं बघू नका. ही साता सवाष्णींची कहाणी दोन वाट्यांत सुफळ संपूर्ण.