साहेबांची सही

दशरथ आवारेला मरेपर्यंत जन्मठेप होती आणि त्यातली एकवीस वर्षं भोगून झाली होती. एक पैसाही न घेता कैद्यांसाठी लढणाऱ्या हेमलता बोरकुटे वकीलबाईंनी शिक्षा कमी करण्याचा त्याचा अर्ज हायकोर्टात नेला. तुरुंगाचे अधीक्षक रणनवरे मिशीला पीळ देत विरोधाला हजर झाले. त्यांच्या अहवालात लिहिलं होतं, 'सदर कैदी विश्वासास पात्र नाही.'

बाईंनी कागद हातात घेतला मात्र, त्या चमकल्या. दशरथची पत्रं त्यांना याच टपोऱ्या अक्षरात येत.

"साहेब, सही करण्यापूर्वी हा वाचलात?"

"वाचायची गरजच काय, मॅडम? लिहायला एक कैदी बसवलाय. मी सांगतो तेच लिहितो. दहा वर्षांत कान्यामात्रेचा फरक नाही. डोळे झाकून सही करतो मी!"

"त्याचं नाव?"

"नाव कोण लक्षात ठेवतो?"

"मी ठेवते. दशरथ आवारे." बाई न्यायमूर्तींकडे वळल्या. "मिलॉर्ड, शेवटचं 'नाही' त्याने गाळलं असतं, तरी साहेबांनी सही केलीच असती. त्याने ते गाळलं नाही."