भोयाची लाज आणि म्हातारं कासव

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा कासवं माणसांशी बोलत आणि माणसंही त्यांचं मुकाट ऐकून घेत.

एका मोठ्या तळ्याकाठी एक तरुण भोई राहायचा. होडीतून शिंगाडे काढायचा. गडी अंगानं असा, की दगडाला धडक मारील! त्याचं लग्न झालं. बायको आली ती गुणाची, हसरी. पण पहिल्याच रात्री भोयाच्या शरीरानं त्याला साथ दिली नाही. मन धावत होतं, अंग काही जागं होईना. होतं हो असं पुष्कळांचं, पण त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. पारावरचे गडी आपल्या मर्दुमकीच्या बाता मारत आणि हा मूग गिळून ऐकत बसे.

पुढच्या खेपेला तो भीत भीतच जवळ गेला. पुन्हा तेच. मग त्यानं अंथरूण उचललं आणि ओसरीवर निजायला लागला. बाजारातल्या एका भोंदूकडून काळी भुकटी आणून गुपचूप चाटली. पोट तेवढं बिघडलं.

एके सकाळी तळ्यावर दाट धुकं उतरलं. पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं, काही कळेना. भोई होडीत बसून ढसाढसा रडला. तेवढ्यात एक म्हातारं कासव पाण्यातून वर आलं.

"का रे लेकरा, काय झालं?"

माणसाला सांगायची लाज, कासवाची कसली? भोयानं सगळं सांगून टाकलं.

कासव हसलं नाही. म्हणालं, "काठावरची पोरं मला काठीनं डिवचतात. मी भ्यालो की डोकं, पाय आपोआप आत जातात. मग ती कितीही ओढोत, मी बाहेर येतो का?"

"नाही."

"आणि ती घरी गेली की?"

"तुम्ही आपसूक बाहेर येता, आजोबा."

"मग तुझं शरीर का माझ्याहून शूर आहे? रोज त्याची परीक्षा घेतोस, वर डोळे वटारतोस. ती काठी आधी टाक. आणि बायकोला काय सांगितलंस?"

"तिला काय सांगणार, कपाळ! काहीच नाही."

"मग तिनं काय समजायचं?" एवढं बोलून कासवानं बुडी मारली.

भोई काठाला आला, तर बायको गाठोडं घेऊन उभी. डोळे सुजलेले. म्हणाली, "मला पलीकडे सोडा. माहेरी जाते. तुम्हाला मी आवडतच नाही, तर राहू कशाला?"

त्यानं तिला होडीत घेतलं, पण तळ्याच्या मध्यावर वल्हं आत ओढलं. "अगं, तू नाही गं. मीच भितो. तू फार आवडतेस, म्हणूनच जास्त भितो." मग अडखळत त्यानं सगळं सांगितलं.

"अगंबाई! आणि मी मेली रोज स्वतःतच खोट शोधत बसले!" ती म्हणाली आणि रडता रडता हसली.

माहेर राहिलं बाजूला. दोघं पलीकडच्या गावी वैद्यबुवांकडे गेली. वैद्यबुवा म्हणाले, "भुकटी फेकून दे. पोटभर झोप, ताडी पीत असशील तर सोड. काही दिवस नुसते जवळ बसा, बोला, बाकी कसली घाई नको. तरी नाहीच जमलं तर परत ये. कधी दुखणं अंगातही असतं, त्याला औषध असतं."

भोई मान खाली घालून बसला होता. वैद्यबुवा म्हणाले, "अरे, वर बघ! नावं नाही सांगणार, पण पारावर बाता मारणारे कितीतरी जण इथंच अशी मान घालून बसून गेलेत. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच."

अंथरूण ओसरीवरून घरात आलं. पुढं एक दिवस, कुणी मुद्दाम काही न करता, सगळं आपसूक जमलं. आणि एखादे वेळी नाही जमलं, तर दोघं हसून कूस बदलत आणि गप्पा मारता मारता झोपी जात.

म्हणून म्हणतात, शरमेनं झाकलेलं दुखणं दुप्पट होतं, जोडीदाराला सांगितलेलं निम्मं.