द्या समजून

एकदा एक पेटी दुरुस्त करणारा कारागीर आपली हत्यारे परत करायला गुरूच्या घरी गेला. पेटी म्हणजे आपली भजनातली, हार्मोनियम. कारागिराचे नाव रघुवीर. हात असा, की चार गावांत बेसूर झालेली पेटी त्याच्याकडे आली की दोन दिवसांत सुरात बोलू लागे. आणि घर असे, की महिनाअखेरीस डाळीचा डबा हलवून पाहावा लागे. या दोन गोष्टी एका छपराखाली सुखाने नांदतात, हे तुम्हा-आम्हाला काही नवे नाही.

रघुवीरची एक रीत होती. गिऱ्हाइकाने ‘किती झाले?’ विचारले की तो नजर खाली घालून म्हणे, ‘द्या समजून.’ विद्येचा भाव तोंडाने सांगू नये, सांगितला तर विद्या रुसते, अशी त्याची श्रद्धा होती. मग गिऱ्हाईक आपल्या परीने समजत असे. भात्याला सहाशेचे कातडे लागले असेल तर समजून पाचशे मिळत. रघुवीर ते कपाळाला लावून घेई. गिऱ्हाईक वळणापलीकडे गेले की मूठ उघडे आणि आत बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, ‘लोकांत दानतच राहिली नाही.’ शालन, त्याची बायको, हे वाक्य पंधरा वर्षे ऐकत होती. सुरुवातीला ती म्हणायची, मग सांगत जा ना तोंडाने. पुढे तिने तेही सोडले. थकली बिचारी.

शेवटी रघुवीरही थकला. कामाने माणूस एवढा थकत नाही. हा मनातल्या मनात सगळ्या गावाला शिव्या देऊन थकला होता. तांदळाच्या एका गोदामावर राखणदाराची जागा रिकामी होती. एक तारखेपासून येतो, असा शब्द त्याने देऊन टाकला. पगार ठरलेला होता आणि तो मागावा लागणार नव्हता, याचेच त्याला मोठे सुख वाटले. हत्यारे मात्र गुरूने दिलेली, ती भंगारात कशी घालायची? म्हणून तो ती फडक्यात बांधून आप्पांकडे गेला.

आप्पा ऐंशीचे. रघुवीर त्यांच्याकडे अकरा वर्षे शिकला होता आणि ‘द्या समजून’ हे शब्दही त्याने तिथूनच उचलले होते. आप्पांनी कधी कोणाला भाव सांगितला नाही, तरी त्यांचे घर उभे राहिले, दोन मुलींची लग्ने झाली. हे त्यांच्या पुण्याईचे फळ, आपले पुण्य कमी पडते, असे रघुवीरला मनापासून वाटे. त्याने सगळे सांगून बोचके पुढे सरकवले. आप्पांनी त्याला हात न लावता ते परत न्यायला सांगितले. उद्याचा दिवस तुझ्या दुकानात बसतो, मग बघू, एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा रिक्षाने आले आणि दाराजवळच्या बाकावर बसले. पहिले आले भजनी मंडळाचे म्होरके. त्यांच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता. खर्च किती येईल, त्यांनी विचारले. रघुवीर ‘द्या’ म्हणतो न म्हणतो, तोच बाकावरून आवाज आला, “अठराशे.”

रघुवीरचे कान तापले. ज्या माणसाला गाव साधू म्हणत आले, तो भाजीबाजारात बसल्यासारखा आकडा सांगत होता. म्होरक्यांनी क्षणभर आढ्याकडे पाहिले, एकादशीच्या आत मिळेल ना असे विचारले आणि निम्मे पैसे ठेवून निघून गेले.

दुपारी शाळेच्या संगीत शिक्षिका आल्या. त्यांच्या पेटीच्या दोन पट्ट्या सहा महिने मुक्या होत्या. आप्पांनी पुन्हा परस्पर सांगितले, साडेतीनशे. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाल्या, इथे यायचे म्हणजे किती द्यावे हेच कळायचे नाही. कमी दिले तर तुमचा अपमान, जास्त द्यायची आमची ऐपत नाही. म्हणून इतके दिवस टाळत होते. रघुवीरने त्यांची पेटी उचलून आत ठेवली.

बाई गेल्या आणि मग मात्र त्याला राहवले नाही. “आप्पा, उभ्या जन्मात तुम्ही कोणाला भाव सांगितला नाहीत. आज माझ्याच उंबऱ्याशी बसून हे काय चालवलंय?”

आप्पांनी उलट विचारले, “मी ‘द्या समजून’ म्हटल्यावर गिऱ्हाईक कुठे जायचं रे?”

रघुवीरला आठवले. चहा घेतल्याशिवाय कोणाला सोडायचे नाही, असा आप्पांच्या बायकोचा रिवाज होता. “आत. काकूंच्या हातचा चहा घ्यायला.”

“तिथे ती चहा द्यायची आणि आकडा सांगायची. एवढं कातडं, एवढे दिवस, एवढे पैसे. त्यातून रुपया सोडायची नाही. मग तो माणूस बाहेर येऊन माझ्या हातावर पैसे ठेवायचा आणि मी ते कपाळाला लावायचो. गावानं मला साधू म्हटलं आणि तिला कजाग. मी दोन्ही ऐकून घेतलं. एकदाही म्हणालो नाही, की बाबांनो, या घराची चूल तिच्या तोंडावर चालते. ती गेल्यावर दीड वर्षात मी दुकान बंद केलं. डोळे अधू झाले म्हणून सांगितलं सगळ्यांना. डोळ्यांना काही झालं नव्हतं. आत चहा द्यायला कोणी उरलं नव्हतं.”

आप्पांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, “तुला बाहेरचं दिसलं, ते तू उचललंस. तुझी चूक नाही, मी दाखवलंच तेवढं. पण विद्या रुसते म्हणून आपण गप्प बसत नाही, रघुवीर. समोरचा नाही म्हणेल, या भीतीनं बसतो. आणि मग त्याची परीक्षा घेतो. प्रश्न सांगायचा नाही, आणि उत्तर चुकलं म्हणून आख्ख्या गावाला नापास करायचं. त्या बाई सहा महिने तुझ्या धाकानं घरी बसल्या, आणि तू म्हणतोस दानत नाही.”

रघुवीरने मान खाली घातली. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “सकाळी अठराशे म्हणालो ना? माझ्या तोंडून निघालेला तो पहिला भाव. ऐंशी वर्षं लागली. तू एवढी लावू नकोस.”

ऊन उतरता उतरता एक कापडाचे व्यापारी वडिलांची जुनी पेटी घेऊन आले. आतले पितळी सूर काढून, घासून, भात्याचे कातडे बदलून सगळे पुन्हा बसवायचे होते. किती होतील, त्यांनी विचारले. रघुवीरने बाकाकडे पाहिले. आप्पांनी तोंड मुद्दाम रस्त्याकडे फिरवले होते.

“दोन हजार,” रघुवीर म्हणाला.

व्यापारी हसले. म्हणाले, इतकी वर्षे समजून घेत होतास, आज काय शिंगे फुटली? आठशे देतो. रघुवीरच्या ओठांवर सवयीने होकार आला होता. त्याने तो मोठ्या कष्टाने मागे घेतला. “नाही जमणार, शेठ. कातडं आणि चार दिवसांचं काम आहे.” व्यापाऱ्यांनी पेटी बंद केली, उचलली आणि ते चालते झाले.

पावलांचा आवाज दूर गेला तशी शालन दारात आली. आता ते दानतीचे वाक्य येणार, हे तिला पाठ होते. रघुवीरने बोचके सोडून कातडे कापायची सुरी हातात घेतली, मंडळाची पेटी पुढ्यात ओढली आणि म्हणाला, “त्यांना परवडलं नाही.” पुढे काहीच आले नाही. ती जरा वेळ वाट बघत थांबली. मग त्यानेच सांगितले, की उद्या सकाळी गोदामावर जाऊन मी येत नाही असे कळवून येतो. शालनला रडू आले आणि ती चहा ठेवायला आत गेली.

चहा झाला. आप्पा काठी टेकत उठले. रघुवीर त्यांच्या पाया पडला आणि त्याने संकोचून विचारले, की दिवसभर बसलात, तुम्हाला काय देऊ? आप्पांच्या ओठांवर ते जुनेच दोन शब्द आलेले त्याला स्पष्ट दिसले. आप्पांनी ते गिळले.

“रिक्षाचे एकशेवीस,” ते म्हणाले. “येण्याजाण्याचे.”